भेक गिळणाऱ्या पोऱ्याचे प्रकरण

1742 साली लंडनहून फ्लॉरेन्सला गेलेल्या एका पत्रात हॅरी व्हेन नावाच्या माणसाची वासलात एका शब्दात लावलेली आहे. पत्र लिहिणारा होरेस वॉलपोल, तेव्हा पंचविशीही न गाठलेला. पत्र ज्याला जायचे तो होरेस मान, फ्लॉरेन्सच्या दरबारातला ब्रिटिश वकील. विषय सरकारी जागांच्या वाटणीचा. लॉर्ड एजकंबची रिकामी झालेली जागा हॅरी व्हेनच्या पदरात पडणार अशी खबर वॉलपोल देतो आणि व्हेन कोण हे सांगायला दोनच शब्द खर्च करतो: पल्टनीचा 'टोड-ईटर'. म्हणजे पल्टनीचा भेक-खाऊ.

भेक म्हणजे पावसाळ्यात अंगणात, नळाखाली, चपलांच्या आडोशाला बसलेला तो खरखरीत, पुटकुळ्यांचा प्राणी. आपण त्यालाही सरसकट बेडूकच म्हणतो. इंग्रज मात्र गुळगुळीत 'फ्रॉग' आणि खरखरीत 'टोड' यांची गल्लत करत नाहीत, आणि या प्रकरणात तो फरक महत्त्वाचा आहे. कारण त्यांच्या समजुतीप्रमाणे विष होते ते टोडमध्ये. पुढे याच 'टोड-ईटर'ची शेपटी झडून 'टोडी' हा शब्द झाला आणि इंग्रजीत लाळघोट्या माणसासाठी कायमचा रुजला.

भेक खाण्याचा आणि खुशामतीचा संबंध काय? खुशामत म्हटली की आपल्याला जीभ आठवते: गोड बोलणारी, तोंडपुजेपणा करणारी. या शिवीचा रोख जिभेवर नाही, घशावर आहे. पहिला टोड-ईटर काही बोलत नव्हता. त्याला गिळावे लागत होते. आणि गिळायला लावणारा दुसराच कोणी होता. माझ्या मते या शब्दाचा सारा इतिहास म्हणजे तो दुसरा हळूहळू चित्रातून कसा निसटला याची हकिगत आहे. ती पुराव्यांनिशी बघण्यासारखी आहे, कारण शिव्यांच्या व्युत्पत्त्या बहुधा दंतकथांवर चालतात आणि इथे चक्क कागद सापडतात.

आधी व्हेनचे बघू. होरेस वॉलपोल हा रॉबर्ट वॉलपोलचा धाकटा मुलगा. रॉबर्ट वॉलपोल 1721 पासून सत्तेवर होता आणि 1742 च्या फेब्रुवारीत त्याला पायउतार व्हावे लागले. त्याला खाली खेचणाऱ्यांचा म्होरक्या विल्यम पल्टनी, एके काळचा त्याचाच साथीदार. आता विजयी मंडळींत जागा वाटल्या जात होत्या आणि पडलेल्या पंतप्रधानाचा मुलगा दात-ओठ खात ती वाटणी मित्राला कळवत होता. एजकंब हा त्याच्या वडिलांचा माणूस. त्याच्याकडची आयर्लंडच्या उपखजिनदारीतली मलईची जागा पल्टनीच्या पित्त्याकडे चालली होती. अशा वेळी लेखणीतून फुले कशाला गळतील? व्हेन खरोखर किती लाचार होता याचा पुरावा म्हणून हे पत्र कवडीमोलाचे आहे. शब्दाचा पुरावा म्हणून मात्र त्याची किंमत मोठी आहे, कारण वॉलपोल त्या शब्दाचा अर्थ सांगत बसत नाही. फ्लॉरेन्समध्ये बसलेल्या मानला तो समजणार हे त्याने गृहीत धरले आहे. म्हणजे लंडनच्या वरच्या वर्तुळात तो तेव्हा चलनी होता.

(व्हेनचे पुढे काही वाईट झाले नाही. 1754 मध्ये तो डार्लिंग्टनचा अर्ल झाला. भेक पचले म्हणायचे.)

सिंथियाचा खुलासा

दोनच वर्षांनी, 1744 मध्ये, याच शब्दाचा उलगडा एका कादंबरीत येतो. 'डेव्हिड सिंपल' ही कादंबरी लिहिली सारा फील्डिंगने, हेन्री फील्डिंगच्या बहिणीने. नायक डेव्हिड भोळा आहे, खरा मित्र शोधत लंडनभर हिंडतो आहे. त्याला सिंथिया नावाची एक हुशार, शिकलेली, पण आश्रितपणात अडकलेली तरुणी भेटते. ती बोलता बोलता 'टोड-ईटर' म्हणते. डेव्हिड म्हणतो, हा शब्द मी कधी ऐकला नाही. सिंथिया म्हणते, तुम्ही ऐकला नाहीत यात नवल नाही. मलाही त्याचा अर्थ कळण्याची वेळ आली नसती तर बरे झाले असते.

मग ती सांगते. जत्रेत फळ्यांवर उभा राहून औषधे विकणारा भोंदू वैद्य असतो. त्याच्याबरोबर एक पोऱ्या असतो. पोऱ्या लोकांसमोर भेक खातो, म्हणजे धन्याला विष उतरवण्याची आपली करामत दाखवता येते. ज्यांना दुसऱ्याच्या जिवावर जगावे लागते त्यांना धन्याची मर्जी राखायला किळसवाण्यातली किळसवाणी गोष्ट करावी लागते, या समजुतीवर ही उपमा उभी आहे; आणि समजूत बहुतेक खरीच आहे, अशी पुस्ती ती जोडते.

इथवरचा भाग बहुतेक कोशांत सापडतो. सिंथिया पुढे जे बोलते ते सहसा गाळले जाते, आणि मला तेच सगळ्यांत टोकदार वाटते. ती म्हणते, ही उपमा अजून पुढे नेता येईल. लोकांना छळण्याची कला इतकी अवगत असते की आपल्या ताब्यातल्या गरीब जिवाला एक भेक गिळायला लावला की लगेच तो उलटून पडेल असे काहीतरी ते त्याला देतात; पुढचा भेक गिळायला पोट रिकामे हवे ना. म्हणजे आधी अपमान करायचा, मग जरा मऊ व्हायचे, गोड बोलायचे, ते अशासाठी की पुन्हा छळता यावे.

उतारा हा दयेचा भाग नसून खेळाचाच भाग आहे, हे अठराव्या शतकातल्या एका बाईने इतक्या थंडपणे लिहून ठेवावे! ज्याने कधी लहरी मालकाच्या हाताखाली दिवस काढले आहेत त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. सोमवारी सगळ्यांदेखत पाणउतारा, गुरुवारी खांद्यावर हात. साराला हे कुठून कळले असेल याचा तर्क करायला फार लांब जावे लागत नाही. ती अविवाहित होती, हाती पैसा बेताचा, नातेवाईक आणि स्नेही यांच्या आधाराने तिचे बरेचसे आयुष्य गेले.

आता एक अडचण. वॉलपोलला 1742 मध्ये जो शब्द समजावून सांगावा लागला नाही तो 1744 मध्ये डेव्हिडला माहीतच नाही, हे कसे? मला यात विसंगती दिसत नाही. डेव्हिड हा जगाच्या रीती न कळणारा माणूस म्हणूनच उभा केलेला आहे. शिवाय दिवाणखान्यात रुळलेला शब्द पुस्तक वाचणाऱ्या सगळ्यांपर्यंत पोचलेला असतोच असे नाही. खुलासा जितका डेव्हिडसाठी तितकाच वाचकांसाठी आहे.

खरेच कोणी भेक खात होते का?

उपमा छान जमली की तिच्यामागची गोष्ट मागाहून रचलेली असण्याची शंका घ्यावी. म्हणून सारा फील्डिंगच्या मागे जायला हवे.

सगळ्यांत जुना कागद 1629 चा. सफक परगण्यातल्या सँटन डाउनहॅम गावचा पाद्री जॉन राउस रोजनिशी लिहीत असे. ती 1856 मध्ये छापली गेली. त्यात तो लिहितो की विल्यम अटिंग हा 'टोड-ईटर' पूर्वी लॅक्सफील्डला राहत असे ना, असे मी एकाला विचारले. तो हो म्हणाला. त्याला एक भेक खाताना आपण पाहिले आहे, एक कशाला, दोन. एवढीच नोंद. पण तिचा सूर बघण्यासारखा आहे. 'गावचा टोड-ईटर' हे 'गावचा न्हावी' म्हणावे तसे लिहिले आहे. शब्द तयार आहे, धंदा ओळखीचा आहे, आणि त्यात खुशामतीचा वासही नाही. अटिंग भेक खातो, म्हणून भेक-खाऊ.

दुसरा कागद टॉम ब्राउनचा. हा उपहासात्मक कविता लिहिणारा, 1704 मध्ये वारलेला. एका अडाणी वैदूवर त्याने कवितेतून कोरडे ओढले आहेत. त्यात त्याला सल्ला दिला आहे की तू टोळीतला सर्वांत तुच्छ विदूषक हो आणि कुठल्या तरी परदेशी वैदूचा टोड-ईटर बन. इथे पहिल्यांदा जोडी दिसते: वैदू आणि त्याचा भेक-खाऊ. साराने ती सिंथियाच्या तोंडी घालण्याच्या निदान चाळीस वर्षे आधी. म्हणजे गोष्ट तिने रचली नाही. शिवाय ब्राउनच्या ओळीत अर्थ शब्दशः असला तरी ते काम सगळ्यांत हलके हे गृहीतच आहे. शिवी व्हायला आता एकच पाऊल बाकी होते.

तिसरा साक्षीदार गिल्बर्ट व्हाइट, हॅम्पशरमधल्या सेलबर्न गावचा निसर्गनिरीक्षक पाद्री. 1768 च्या जूनमध्ये त्याने प्राणिशास्त्रज्ञ टॉमस पेनंटला पत्र लिहिले. ते 1789 मध्ये त्याच्या सेलबर्नविषयीच्या प्रसिद्ध पुस्तकात आले. भेकाच्या विषाचा प्रश्न अजून सुटू नये याचे व्हाइटला नवल वाटते. बदके, घुबडे, साप भेक खाऊन मजेत राहतात, हे तो स्वतःच्या माहितीवरून सांगतो. आणि मग म्हणतो: आमच्या गावात एका वैदूने गावकऱ्यांचे डोळे विस्फारावेत म्हणून भेक खाल्ला होता, हे मला पक्के आठवते, मी स्वतः पाहिले नाही, पण पुष्कळांनी पाहिले. खाऊन झाल्यावर त्याने तेल प्यायले.

हे तेल मला फार मोलाचे वाटते. कवितेत किंवा कादंबरीत असला तपशील सुचत नाही.

तिघांनाही उलटतपासणीला उभे केले तर फटी दिसतात. राउसची बातमी ऐकीव, व्हाइटचीही ऐकीव, ब्राउन कवी. राउसच्या नोंदीत अटिंगचा कोणी धनी नाही. व्हाइटच्या वैदूने पोऱ्या न ठेवता स्वतःच भेक खाल्ला. तरीही दोन वेगळ्या परगण्यांतले, शंभराहून अधिक वर्षांच्या अंतरावरचे दोन पाद्री एकमेकांचे न वाचता तीच गोष्ट सांगतात. इंग्लंडच्या खेड्यांत लोकांसमोर भेक खाल्ले जात होते, एवढे मी यावरून सिद्ध धरतो. आणि वैदूच्या हाताखाली हे काम करणारा गडी असे, यासाठी ब्राउनची ओळ मला पुरेशी वाटते.

फळ्यांवरचा वैद्य

या वैदूंची जात मूळची इटलीची. बाकावर चढून माल विकणारे, म्हणून इटालियनमध्ये त्यांना तसेच नाव पडले आणि तेच इंग्रजांनी 'माउंटबँक' असे उचलले. टॉमस कोर्याट हा इंग्रज प्रवासी 1608 मध्ये व्हेनिसला होता. सेंट मार्कच्या चौकात त्याने ही मंडळी डोळे भरून पाहिली. एक जण हातात विषारी साप घेऊन त्याच्याशी पाव तास खेळत होता. दुसऱ्याने उघड्या दंडावर सुरीने वार करून रक्ताची धार काढली, वर कसलेसे तेल चोळले, आणि रक्त थांबून जखम भरली. हाच कोर्याट पुढे पायी चालत हिंदुस्थानात आला आणि 1617 मध्ये सुरतेला वारला. तिथले गारुडी पाहून त्याला व्हेनिस आठवले असणार.

त्या काळी विषावरचा उतारा हा सगळ्यांत खपणारा माल होता. 'ऑर्व्हिएतान' नावाचे एक चाटण सतराव्या शतकात इटलीपासून पॅरिसपर्यंत विकले जाई. ताप उतरला की नाही हे कळायला आठवडा जातो. विषाचे तसे नाही. माणूस सगळ्यांदेखत विष खातो, तडफडतो, औषध घेतो, उठून उभा राहतो. पाच मिनिटांत निकाल. गर्दी पांगायच्या आत बाटल्या खपतात. यासाठी लागते ते लोकांना आधीच माहीत असलेले, ज्याच्या नुसत्या नावाने अंगावर काटा येईल असे विष. इंग्लंडात विषारी साप एकच, आणि तोही फारसा भयंकर नाही. भेक मात्र प्रत्येक बांधावर, फुकट.

आणि भेकाची बदनामी मोठी होती. शेक्सपिअरच्या चेटकिणी काढ्यात पहिला टाकतात तो भेक. जॉन राजा 1216 मध्ये आजारी पडून मेला, तर लोकांनी गोष्ट रचली की एका मठवासियाने त्याला भेकाचे विष घातलेली दारू पाजली. भेकाच्या डोक्यात मणी असतो आणि तो विष ओळखतो, अशीही समजूत होती. आपल्याकडे नागाच्या डोक्यात असतो तसाच. तसले मणी बसवलेल्या अंगठ्या युरोपच्या संग्रहालयांत आजही आहेत. ते मणी म्हणजे प्राचीन माशांचे दगड झालेले दात निघाले.

आता गंमत अशी की ही सगळी अंधश्रद्धा नव्हती. भेकाच्या डोळ्यांमागे दोन फुगीर ग्रंथी असतात, त्यांतून आणि पाठीवरच्या पुटकुळ्यांतून पांढरा चीक येतो. त्यातली काही द्रव्ये हृदयावर डिजिटॅलिस या हृदयविकाराच्या औषधासारखा परिणाम करतात. कुत्र्याने भेक तोंडात धरला की त्याच्या तोंडाला फेस का येतो ते यामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ग्रासिओले आणि क्लोएझ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी हा चीक पक्ष्यांना टोचून त्याचे विषारीपण दाखवून दिले. आशियात खाण्याचा बेडूक समजून भेक खाल्लेली माणसे दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. कातडी आणि ग्रंथी काढून टाकल्या की धोका पुष्कळ उतरतो, पटकन ओकून टाकला तरी उतरतो. शिवाय हातचलाखी हा वैदूचा धंदाच. पण फसवणूक जमली नाही तर मरणार कोण, हे ठरलेले होते. औषध खोटे होते. विष अगदीच खोटे नव्हते. धन्याची कीर्ती वाढे आणि धोका पोऱ्याच्या पोटात राही.

बाजारातला हा बाक आणि दरबार यांत अंतर तरी किती होते? 1676 मध्ये रॉचेस्टरचा अर्ल दरबारातून हाकलला गेला तेव्हा त्याने डॉक्टर अलेक्झांडर बेंडो नावाचा इटालियन वैदू बनून लंडनच्या टॉवर हिलवर चक्क दुकान मांडले होते. म्हणतात की गिऱ्हाइके भरपूर आली.

दुसरे दावेदार

या प्रकरणात एक स्पॅनिश दावाही आहे. एकोणिसाव्या शतकात गाजलेल्या ब्रुअरच्या वाक्प्रचारकोशात असे दिले होते की मूर लोकांचा पाडाव झाल्यावर स्पॅनिश धन्यांनी त्यांना नोकर केले, हे नोकर इतके तत्पर की धनी त्यांना 'मी तोदिता', म्हणजे 'माझे सर्वस्व', अशा अर्थाने हाक मारत, त्यावरून टोड-ईटर. ऐकायला झकास. पण 1629 च्या सफकमधल्या अटिंगला ही स्पॅनिश लाडीगोडी कशी लागू करायची? त्याने खरेच दोन भेक खाल्ले होते. इतका साधा पुरावा समोर असताना स्पेनपर्यंत जाण्याची हौस फक्त कोशकारांनाच परवडते.

तुलनेसाठी 'सायकोफंट' घ्या. हीही इंग्रजीतली खुशमस्कऱ्यासाठीची शिवी, ग्रीकमधून आलेली. शब्दशः अर्थ 'अंजीर दाखवणारा'. अथेन्समधून अंजिरे बाहेर नेण्यावर बंदी होती आणि चोरून नेणाऱ्यांची चुगली करणारे ते हे, असे प्लुटार्कने सांगितले आहे. प्लुटार्क त्या काळानंतर काही शतकांनी लिहीत होता. त्यावर विद्वान आजही वाद घालतात. टोडीचे तसे नाही. त्याचा माग गावाचे नाव, माणसाचे नाव आणि साल यांसकट लागतो.

फ्रेंचांकडे मात्र याचा सख्खा चुलतभाऊ आहे. शांफोरने अठराव्या शतकाच्या अखेरीस टिपून ठेवलेल्या किश्श्यांत लासे नावाच्या गृहस्थाचे एक बोलणे आहे: ज्याला दिवस उच्चभ्रू मंडळींत काढायचा आहे त्याने रोज सकाळी एक भेक गिळावा, म्हणजे पुढे दिवसभर कशाचीच किळस वाटणार नाही. हेच वाक्य आता मार्क ट्वेनच्या नावावर खपवले जाते आणि 'सर्वांत नावडते काम सकाळी आधी उरका' असा त्याचा अर्थ व्यवस्थापनाच्या शिबिरांत शिकवला जातो. लासेचा टोमणा भेकावर नव्हता, मंडळींवर होता. ती मंडळी गायब झाली आणि उरला फक्त आपण आणि आपली कामांची यादी.

बायका, आणि मग 'तो'

वॉलपोलने शिवी एका पुरुषाला, खासदाराला दिली होती. पण पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत ती जिथे घट्ट चिकटली ती जागा वेगळीच. फ्रान्सिस ग्रोझने 1785 मध्ये लंडनच्या बाजारू बोलीचा कोश काढला. हा लठ्ठ, खुशालचेंडू गृहस्थ रात्री गल्लीबोळांतून, दारूच्या गुत्त्यांतून शब्द गोळा करत हिंडे असे सांगतात. त्याने 'टोड-ईटर'चा पहिला अर्थ असा दिला आहे: मोठ्या घरात राहणारी गरीब नातेवाईक बाई, किंवा दिवस फिरलेल्या चांगल्या घरातली सोबतीण, जिची सगळ्यांनी थट्टा करायची आणि जिच्यावर सगळ्यांनी राग काढायचा. मग वैदूच्या नोकराची गोष्ट सांगून तो म्हणतो की भेक गिळणे म्हणजे इथे अपमान गिळणे. पोटाला भेक जितका नकोसा तितकाच मानी माणसाला अपमान.

ग्रोझच्या व्याख्येत खुशामत हा शब्दच नाही, हे लक्षात घ्या. ती बाई कोणाची स्तुती करते असे तो म्हणत नाही. ती सोसते. हुंडा नसलेल्या, लग्न न झालेल्या सुशिक्षित बाईला त्या इंग्लंडात वाटा दोनतीनच: मुलांची शिकवणी, श्रीमंत म्हातारीची सोबत, नाहीतर भावाच्या घरातला कोपरा. मराठी वाचकाला हे चित्र परके वाटू नये. मोठ्या वाड्यांत आश्रयाला राहिलेल्या आत्या-मावश्यांच्या वाट्याला काय येई ते आपल्या घरच्या गोष्टींतून पुरेसे ऐकलेले असते.

राजवाड्यातसुद्धा वेगळे नव्हते. फॅनी बर्नी ही नामवंत कादंबरीकार 1786 ते 1791 अशी पाच वर्षे शार्लट राणीच्या पोशाखखान्यात वर्षाला दोनशे पौंडांवर नोकरीला होती. तिची वरिष्ठ श्वेलेनबर्ग नावाची जर्मन बाई. या बाईंनी हौसेने बेडूक पाळले होते. तपकिरीची डबी मी अशी टकटक वाजवली की ते कसे ओरडतात, याचे कौतुक त्या सांगत आणि इंग्लंडातली सर्वांत तल्लख लेखिका ते ऐकत बसे. तिला निदान बेडूक खावे लागले नाहीत.

1826 मध्ये शब्दाला आजचा आकार आला. एकवीस वर्षांच्या बेंजामिन डिझरेलीने नाव न घालता काढलेल्या 'व्हिव्हियन ग्रे' या कादंबरीत 'टोडी' अवतरला: सुसंस्कृत समाजात रोज भेटणारा तो मनमिळाऊ प्राणी, अशा थाटात. शब्द आखूड झाला, लाडका झाला, आणि नेमके त्यातले 'खाणे' गळून पडले. भेक कोणी वाढला हे विचारायला आता जागाच नाही. पोऱ्याला उपाशी मरायचे नव्हते, सिंथियाला डोक्यावर छप्पर हवे होते; डिझरेलीचा टोडी चांगले कपडे घालून, हसतमुखाने, स्वतःच्या पायांनी जेवणाला येतो. तो वर चढू पाहणारा आहे. थॅकरेने 1847-48 मध्ये 'व्हॅनिटी फेअर' लिहिली तोवर दोन्ही नमुने एका घरात नांदत होते: म्हाताऱ्या मिस क्रॉलीची रडवेली सोबतीण मिस ब्रिग्ज, आणि म्हातारीच्या बँकेतल्या शिलकीवर डोळा ठेवून तिच्या पुढेपुढे करणारे सगळे सधन नातेवाईक. शिवी दोघांनाही एकच. याला मी शब्दाचा ऱ्हास म्हणेन. ज्याला पर्याय नव्हता आणि ज्याला होता, या दोघांतला फरक त्याने पुसून टाकला.

डिझरेली पुढे पंतप्रधान झाला. खुशामत सगळ्यांनाच आवडते, पण राजघराण्याशी गाठ असेल तर ती गवंड्याच्या थापीने लिंपावी, असे तो कवी मॅथ्यू आर्नल्डला म्हणाल्याचे सांगतात. 1876 मध्ये त्याने लिंपलेल्या थराला 'रॉयल टायटल्स ॲक्ट' म्हणतात. त्या कायद्याने व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब घेता आला.

हिंदुस्थानातला टोडी

त्या किताबाची द्वाही फिरवायला 1 जानेवारी 1877 रोजी व्हाइसरॉय लिटनने दिल्लीत दरबार भरवला. दख्खन आणि मद्रासेत तेव्हा दुष्काळ पडलेला होता. संस्थानिक हत्ती-घोडे घेऊन आले. पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हातसुताचे जाडेभरडे कपडे घालून त्या झगमगाटात जाऊन बसले आणि सभेचे मानपत्र त्यांनी सादर केले. मानपत्रात राणीचे अभिनंदन होते, आणि तिच्या हिंदी प्रजेला ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचा दर्जा द्यावा अशी मागणीही होती. दरबारी भाषेत मागणी कशी गुंडाळायची हे त्या पिढीला बरोबर कळत होते.

पन्नास वर्षांनी असली भाषा बोलणाऱ्याला माफी राहिली नव्हती. 1920 आणि 30 च्या दशकांत उत्तर हिंदुस्थानातल्या मिरवणुकांतून 'टोडी बच्चा हाय हाय' ही घोषणा घुमू लागली. साहेबाचाच शब्द, साहेबाच्या हुजऱ्यांवर उलटवलेला. (तोडी रागाचा यात काही दोष नाही.) घोषणा देणाऱ्यांना वैदू, भेक, सफक यांच्याशी कर्तव्य नव्हते; त्यांच्या डोळ्यांसमोर किताब मिळवणारे, कलेक्टरच्या बंगल्यावर डाली पाठवणारे, सत्याग्रह्यांची नावे पोलिसांना पुरवणारे होते. पण सरकारी वर्तुळात वावरणारा जो तो या सपाट्यात सापडू शकत होता. न्यायमूर्ती रानडे रावबहादूर होते, भांडारकर 'सर' होते. त्यांना या शब्दाने हाक मारायची तर जीभ अडखळायला हवी. घोषणेला अडखळून चालत नाही. आणि साहेबाच्या कचेरीत पंधरा रुपयांवर मान मोडणारा कारकून, ज्याची अवस्था सिंथियाच्या सगळ्यांत जवळची, तोही त्याच शब्दाच्या माऱ्यात येई.

26 जानेवारी 1950 रोजी राज्यघटना अमलात आली. तिच्या अठराव्या कलमाने लष्करी आणि विद्याविषयक उपाध्या सोडून राज्यसंस्थेने किताब देणे बंद केले. रावबहादुरांच्या पाट्या दारांवर आणखी काही वर्षे राहिल्या.